किनारी पंचायतींना खुलं पत्र: कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाचं काम गणेश चवथीआधी व्हायला हवं

प्रति,
मा. सरपंच, उपसरपंच आणि सर्व पंच सदस्य,
केरी, पालये, हरमल, मांद्रे आणि मोरजी,
तालुका पेडणे, गोवा

सप्रेम नमस्कार.

“तुम्हाला कुत्र्यांचा एवढा पुळका आहे ना, मग सगळीच घाला विमानात आणि द्या पाठवून विलायतेला!” हे वाक्य मी ग्रामसभेत ऐकलंय, तिठ्यावर ऐकलंय, मासळी घेताना ऐकलंय. बोलणाऱ्याचा राग मला समजतो. रात्रपाळी संपवून स्कूटरने घरी येताना ज्याच्या मागे चार कुत्री लागतात, ज्याच्या पोराच्या पोटरीला दात लागलेले असतात, त्याच्याकडून मी भूतदयेची अपेक्षा धरत नाही. पण त्या रागामागे एक समजूत आहे आणि ती आता गावोगाव पक्की होत चालली आहे. किनाऱ्यावरची काही कुत्री दर सीझनला परदेशात जातात. मग तिकडून फोटो येतात. आपल्या शॅकखाली, म्हणजे किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या खानावळीखाली, झोपणारा लाल्या जर्मनीत सोफ्यावर लोळतोय, खरजेने अंगावरचे केस गेलेली कुत्री आता बर्फात धावतेय. फोटो खरेच असतात. ते बघून लोकांना वाटतं, वाट सापडली. बाहेरच्यांना आपली कुत्री हवी आहेत, नेतील हळूहळू, पंचायतीने कशाला त्यात पडायचं?

परदेशात घर ठरलेली, पण कागद पुरे व्हायचे असलेली कुत्री मी माझ्या घरी सांभाळते. आमच्या मागच्या पडवीत कुणी ना कुणी असतंच. त्यामुळे ही वाट किती अरुंद आहे ते मला रोज दिसतं. त्या वाटेने जाणाऱ्या कुत्र्यांना जरूर जाऊ द्यावं, जमेल तेवढी मदतही करावी. गावाचा प्रश्न मात्र सुटेल तो जूनपासून चवथीपर्यंतच्या पावसाळ्यात, इथेच, निर्बीजीकरणाची ऑपरेशनं करून, आणि पंचायत पुढे आल्याशिवाय सुटणार नाही. एवढंच सांगायला हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबलं आहे, पण शेवटपर्यंत वाचावं ही विनंती.

आधी महिन्यांचा हिशेब मांडते, कारण सगळं त्यावरच अडलेलं आहे.

भाद्रपदात कुत्री माजावर येतात, हे आपल्या आजा-पणजाला ठाऊक होतं. पिल्लं इतर महिन्यांतही होतात, पण मोठा भर तेव्हाचा. गाभणकाळ साधारण नऊ आठवड्यांचा. म्हणजे चवथीच्या आगेमागे जे घडतं, त्याची पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात वाळूत दिसू लागतात. नेमके तेव्हाच शॅक उभे राहून गजबजलेले असतात. नाताळ आणि नवीन वर्षाला ही पिल्लं महिना-दीड महिन्याची होतात, कुणीही उचलून छातीशी धरावं अशा वयाची. डिसेंबरात आलेलं एखादं जोडपं त्यातल्या एकावर जीव लावतं. त्यांच्या खोलीत पिल्लू झोपू लागतं. परतायची तारीख जवळ येते तशी त्यांची घालमेल होते आणि कुणीतरी त्यांना माझ्यासारखीचा फोन नंबर देतं.

मग मला त्यांना युरोपचा नियम सांगावा लागतो. रेबीजच्या बाबतीत युरोपीय संघाच्या सुरक्षित देशांच्या यादीत भारत नाही. त्यामुळे आधी मायक्रोचिप बसवायची. मग रेबीजची लस, तीही पिल्लू किमान बारा आठवड्यांचं झाल्यावर. लशीनंतर निदान तीस दिवस थांबून रक्त काढायचं आणि युरोपीय संघाने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचं. रेबीजविरुद्धची प्रतिपिंडं मिलिलिटरमागे किमान ०.५ एकक भरली पाहिजेत. या टायटर टेस्टमध्ये कुत्रा पास झाला तरी, रक्त काढल्याच्या दिवसापासून तीन महिने त्याने इथेच राहायचं. निघण्याआधी दहा दिवसांच्या आत सरकारी पशुवैद्यकाचं आरोग्य प्रमाणपत्र. इंग्लंडला जायचं असेल तर एक ते पाच दिवस आधी पट्टकृमीचं औषध, आणि प्रवास कार्गोनेच.

आता बोटांवर मोजा. पिल्लू १५ नोव्हेंबरला जन्मलं असं धरू. लस फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात. रक्त मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. तीन महिने थांबायचं म्हणजे उजाडला जून. सगळं एका दिवसाचीही चूक न होता जुळलं, तरी ते पिल्लू मिरगाच्या पावसात निघणार. त्याला जीव लावलेलं जोडपं केव्हाच परत गेलेलं असतं. ज्या शॅकमध्ये ते वाढलं तो ३१ मेपर्यंत मोडून काढलेला असतो. अमेरिकेचा विचार केला तर ऑगस्ट २०२४ पासून तिथे सहा महिन्यांखालचा कुत्रा घेतच नाहीत, आणि आपल्यासारख्या देशातून जाणाऱ्याला रक्ततपासणीचा दाखला नसेल तर तिकडे अठ्ठावीस दिवस क्वारंटाईन.

या मधल्या महिन्यांत ते पिल्लू कुणाच्या तरी घरी वाढतं. रोजचा भात, अंडी, गोचीडतापाची औषधं, पार्वो या जुलाबाच्या जीवघेण्या रोगाची लस, चावलेल्या चपला, शेजाऱ्यांची बोलणी. दत्तक घेणारे खर्चाचे पैसे पाठवतात, नाही असं नाही. विमान, पिंजरा, तपासण्या, मुंबई किंवा बंगळूरूपर्यंतचा प्रवास आणि तिथल्या प्राणी क्वारंटाईन केंद्राचे कागद धरले, तर एका कुत्र्याचा खर्च सहज लाखापलीकडे जातो. पण पैशांनी पडवी मिळत नाही. पेडण्यात असं कुत्रं चार-पाच महिने ठेवून घेणारी घरं फार थोडी आहेत आणि बहुतेक घरांत एकावेळी एकच मावतो.

त्याच दिवसांत किनाऱ्यावर काय चाललेलं असतं? शॅक गेलेले. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी, म्हणून ट्रॉलरच्या मासळीतलं जे टाकलेलं मिळायचं तेही आटलेलं. सहा-सात महिने कबाब आणि पावावर पोसलेली कुत्री भुकेने आत वाड्यांत शिरतात. कोंबड्या पळवतात, कचऱ्याच्या पिशव्या फाडतात, तिथल्या कुत्र्यांशी भांडतात. तुमच्याकडे तक्रारी येतात त्या याच महिन्यांत. आणि ज्या पिल्लाची फाईल माझ्या कपाटात आहे, त्याची आई त्याच कळपात असते. पोर विमानात बसतं आणि दोन-अडीच महिन्यांत आई पुन्हा माजावर येते. पुढच्या डिसेंबरात नवी पाच-सहा, नवं जोडपं, पुन्हा तोच फोन.

उरलेल्या भावंडांचं काय होतं तेही सांगते. कोलकात्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ३६४ पिल्लांवर जन्मापासून लक्ष ठेवलं होतं. वयात येईपर्यंत जगली ती जेमतेम १९ टक्के. आणि मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या मरणात कुठे ना कुठे माणसाचा हात होता: गाडी, विष, मार, किंवा आईपासून उचलून नेणं. आपल्याकडचे आकडे कुणी असे मोजलेले माझ्या पाहण्यात नाहीत, पण हरमलच्या किंवा मोरजीच्या रस्त्याला जानेवारीत सकाळी चालणाऱ्याला ते मोजून सांगावं लागत नाही. पाचातली चार मरावीत आणि एक वाचून जर्मनीला जावी, याला मी कुत्र्यांची सोय म्हणणार नाही. ती जन्मालाच आली नसती तर बरं झालं असतं.

सगळ्याच कुत्र्यांना परदेशात पाठवावं, असं माझं मतही नाही. या कामातल्या माझ्या काही मैत्रिणींना हे पटत नाही, तरी लिहिते. चार-पाच वर्षांचा, धडधाकट, आपला इलाका सांभाळून असलेला किनाऱ्यावरचा कुत्रा इथेच बरा. त्याला वाळू, वास, ओळखीची माणसं, भरती-ओहोटी सगळं पाठ असतं. त्याला तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, साखळीला बांधून, उणे तापमानात फिरायला नेलं की कित्येकदा तो घाबराघुबरा होतो आणि पहिल्याच आठवड्यात पट्टा तोडून पळतो. शिवाय असा कुत्रा ऑपरेशन झालेला, लस घेतलेला असेल, तर तो गेल्यावर त्याची जागा रिकामी राहत नाही. पलीकडच्या वाड्यातला, लस न घेतलेला दुसरा तिथे येऊन बसतो. गावाचं नुकसानच होतं.

जायला हवीत ती निराळी. आमच्याकडे ढवळी होती. भाड्याच्या जीपने उडवल्यावर तिचा मागचा एक पाय काढावा लागला. तीन पायांची कुत्री भर पावसात वाडीतल्या कळपाशी भांडून जगणार नाही, हे उघड होतं. जुलैत तिच्या मानेला चावा लागून किडे पडले. वरून रुपयाएवढं भोक दिसत होतं. केस कापल्यावर कळलं की आत बोटभर पोकळी आहे आणि ती वळवळतेय. डॉक्टरांनी औषध सोडून चिमट्याने एकेक किडा काढला. ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून होती, एकदाही दात दाखवला नाही. अशा कुत्रीला घर हवं आणि ते इथे मिळालं नाही. मी विचारलं नाही असं घर आमच्या वाड्यात उरलं नव्हतं. तीन पायांची, गावठी, त्यात मादी. सगळ्यांनी हात जोडले. नेदरलँड्समधल्या एका बाईंनी फोटो बघून होकार दिला.

मग पिंजऱ्याची सवय. विमानातला पिंजरा असा लागतो, की कुत्र्याला त्यात सरळ उभं राहता, वळता आणि पाय पसरून झोपता आलं पाहिजे. पण जन्मात कधी छपराखाली न राहिलेल्या कुत्र्याला त्यात शिरायचं म्हणजे संकटच. आम्ही आधी दार काढून ठेवतो. वाडगा पिंजऱ्याच्या तोंडाशी, मग चार बोटं आत, मग मधोमध. ढवळी आठवडाभर मान लांब करून खायची आणि मागचा पाय बाहेरच रोवून ठेवायची. एके दुपारी पाऊस कोसळत होता, तेव्हा ती आपण होऊन आत जाऊन झोपली. त्यानंतर दार लावलं, आधी पाच मिनिटं, मग तासभर, मग रात्रभर. हे करायला घाई चालत नाही. ज्यांनी केली, त्यांच्या कुत्र्यांनी विमानात जाळी चावून दात मोडून घेतले आहेत.

आता कागदांबद्दल. इथे माझं म्हणणं तुमच्यापेक्षा आमच्याच लोकांना जास्त झोंबेल. युरोपात घरचा कुत्रा म्हणून सोबत नेण्याचे नियम सोपे आहेत; माणशी पाचपर्यंत नेता येतात. पण त्या सोप्या नियमात एक अट आहे: कुत्रा विकायला किंवा दुसऱ्याच्या मालकीत द्यायला न्यायचा नाही. दत्तक जाणारा कुत्रा दुसऱ्याच्या मालकीत जातोच. त्याच्यासाठी कागद वेगळे, नोंदणी वेगळी. काही लोक सरळ मार्ग सोडून, परतणाऱ्या प्रवाशाच्या नावावर ‘माझा कुत्रा’ म्हणून तो चढवतात. तिकडे पकडलं गेलं तर कायदा सांगतो की कुत्र्याला परत पाठवा, नाहीतर वेगळं ठेवा, आणि काहीच जमलं नाही तर शेवटी मारा. आपण त्याला मरणातून वाचवून त्याच दारात उभं करतो. टायटरची तारीख मागे-पुढे करणं, एकाचं रक्त दुसऱ्याच्या नावावर दाखवणं हे तर गुन्हेच आहेत. ज्यांच्या हातून असं होतं, त्यांच्याकडे माझ्या पडवीतला एकही कुत्रा जात नाही.

अशा प्रकारांनी दारं बंद होतात, आणि एकदा बंद झालेलं दार सगळ्यांसाठी बंद होतं. अमेरिकेने २०२१ मध्ये रेबीजचा धोका असलेल्या शंभरावर देशांतून कुत्री आणायला मनाई केली, कारण खोटे आणि अपुरे लशीचे दाखले वाढले होते. पुढे सूट मिळाली, पण कडक अटींसह. कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून अशा देशांतून विक्रीसाठी आणि दत्तक देण्यासाठी येणारी कुत्री थांबवली. त्या यादीत भारत आहे. त्याआधी भारतातून कॅनडात घर मिळून गेलेली कुत्री कमी नव्हती. एका तारखेनंतर तो रस्ता संपला. युरोप उद्या काय ठरवेल ते आपल्या हातात नाही. गावातल्या कुत्र्यांची व्यवस्था परक्या देशाच्या परिपत्रकावर सोडून कसं चालेल?

आणि आपल्या हातून होत नाही असंही नाही. रेबीजचंच बघा. गोवा सरकार आणि मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून २०१३ नंतर जे काम केलं, त्याचा अभ्यास २०२२ मध्ये नेचर कम्युनिकेशन्स या नियतकालिकात छापून आला. वर्षाला ९५ हजारांहून जास्त कुत्र्यांना लस, शाळाशाळांतून दरवर्षी दीड लाख मुलांना माहिती, आणि कुत्र्यांमधल्या रेबीजमध्ये ९२ टक्के घट. माणसांचे मृत्यू शून्यावर आले. २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. जाळी घेऊन पळणारी ती मुलं आणि लस दिलेल्या कुत्र्याच्या डोक्यावरचा रंगाचा पट्टा तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. ते काम एकेका वाड्याचा नकाशा मोबाईलवर घेऊन झालं, म्हणून कुठला वाडा राहिला ते कळत होतं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते. पण दरवर्षी भाद्रपदानंतर लस न घेतलेली नवी फौज जन्माला येत राहिली, तर ते सत्तर टक्के टिकवायला दरवर्षी तेवढीच धाव घ्यावी लागते. लसीकरणाला निर्बीजीकरणाची जोड हवी.

कायदा तुमच्याकडे बोट दाखवतो, हे तुम्हाला माहीत असेलच. मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचं निर्बीजीकरण आणि लसीकरण ही स्थानिक संस्थेची जबाबदारी ठरवली आहे, आणि ते काम प्राणी कल्याण मंडळाची मान्यता असलेल्या संस्थेकडूनच करून घ्यायचं आहे. खाऊ घालण्याच्या जागाही ठरवून द्यायच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी सांगितलं की ऑपरेशन आणि लस झालेली कुत्री जिथून उचलली तिथेच सोडावीत, रेबीज झालेली आणि आक्रमक सोडून. खाऊ घालणं मात्र ठरलेल्या जागीच. त्याच आदेशात कुत्र्यांना दत्तक घेण्यासाठी स्थानिक संस्थेकडे अर्ज करण्याची सोय आहे. पुढे ७ नोव्हेंबरला शाळा, इस्पितळं, क्रीडासंकुलं, बसस्थानकं आणि रेल्वे स्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवायला सांगितलं, आणि ती परत तिथे सोडायची नाहीत. म्हणजे हलवलेल्यांना ठेवायला कुणाला तरी जागा द्यावीच लागणार आहे. ती जागा शोधायची वेळ ऐन अडचणीत येऊ नये.

माझं मागणं असं आहे.

किनारपट्टीवरची मोठी मोहीम सीझनमध्ये न घेता जूनच्या पहिल्या आठवड्यापासून चवथीपर्यंत घ्यावी, आणि आधी माद्यांची घ्यावी. एका नराचं ऑपरेशन झालं तरी पलीकडचा नर आहेच. एका मादीचं झालं की त्या वर्षीची सहा पिल्लं थांबतात. सीझनमध्ये कुत्री किनाराभर पांगलेली असतात, पर्यटक जाळीवाल्यांशी वाद घालतात, अर्ध्याअधिक माद्या गाभण किंवा दूध पाजणाऱ्या असतात. पावसात तीच कुत्री चार कोरड्या छपरांखाली जमतात. भुकेली असतात, वाडग्याजवळ येतात. अडचण एकच, ऑपरेशननंतर त्यांना काही दिवस कोरड्या जागी ठेवावं लागतं. ओल्या अंगाने टाके बरे होत नाहीत. यासाठी पाचही पंचायतींनी मिळून एक बंद जागा द्यावी. पत्र्याचं गोदाम चालेल, फक्त फरशी, पाणी, वीज आणि गाडी दारापर्यंत जायला वाट हवी. एकेका पंचायतीला हे जड जाईल. पाचांना मिळून जाणार नाही. कुत्र्यांनाही पंचायतीची हद्द कळत नाही. मांद्र्यात ऑपरेशनं केली आणि मोरजीत नाही, तर दोन वर्षांत मांद्र्यात पुन्हा तेवढीच.

शॅकवाल्यांना यात घ्यावं. बहुतेक शॅकवाले आपल्या दारातल्या कुत्र्यांना नावाने हाक मारतात. कुठली मादी कधी व्याली, कुठल्याच्या कानाला ऑपरेशनची खाच आहे, हे त्यांच्या वेटरना तोंडपाठ असतं. मेअखेर शॅक मोडताना त्यांनी आपल्या कुत्र्यांची यादी फोटोसह पंचायतीला द्यावी, एवढी विनंती पंचायतीने लेखी केली तरी अर्धं काम होईल. जून-जुलैत दिवसातून एकदा ठरल्या जागी पेज-भात मिळाला तर ती आत वाड्यात येणार नाहीत, आणि जाळीवाल्यांनाही एकाच जागी सापडतील.

ही जागा ठरवताना कासवांचा विचार आधी करावा. मोरजीत १९९० च्या दशकापासून ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांची राखण होते आहे. वन खातं जाळी लावतं, माणसं रात्री जागतात, आणि तरीही कुत्री अंडी उकरतात, वाळूतून निघालेली पिल्लं पळवतात. कुत्र्यांवर प्रेम करणाऱ्यांनी हे नाकारू नये. मी स्वतः घरट्यांच्या पट्ट्यात कुत्र्यांना खाऊ घालण्याच्या विरुद्ध आहे. मोरजीचा टेंबवाडा, मांद्र्याचा किनारा, जिथे घरटी होतात तिथून खाऊ घालण्याची जागा चांगली लांब, रस्त्याच्या आतल्या बाजूला असावी. पर्यटकांसाठी तसे फलक इंग्रजी आणि रशियनमध्येही लावावेत. त्याच फलकावर आणखी एक ओळ हवी: दिसलेलं प्रत्येक पिल्लू बेवारस नसतं, आई खाणं शोधायला गेलेली असते, उचलण्याआधी निदान अर्धा दिवस वाट पाहा. चार आठवड्यांचं पिल्लू आईपासून तोडून हॉटेलच्या खोलीत नेणं ही मदत नव्हे. तिथे ते जुलाबाने मरतं.

जी कुत्री परदेशात जातात त्यांची नोंद पंचायतीकडे असावी. कुत्र्याचा फोटो, चिप क्रमांक, लशीची आणि रक्त काढल्याची तारीख, इथे सांभाळणाऱ्याचं आणि तिकडे नेणाऱ्याचं नाव. एका वहीत मावेल एवढं काम आहे. यात प्रामाणिक माणसाचं काही बिघडत नाही, आणि कुत्र्यांच्या नावावर परदेशातून पैसे गोळा करून गायब होणाऱ्यांना आळा बसतो. असे लोक आहेत. एका पिल्लासाठी तीन देशांतून वर्गणी घेतल्याचं मी पाहिलं आहे, आणि ते पिल्लू अजून इथेच रस्त्यावर आहे.

याच वहीत दुसरा रकाना गावातल्या दत्तकांचा ठेवावा. आपल्याकडे लॅब्राडोर आणि हस्की आणायला पैसे आहेत. हस्की, ज्याला गोव्याच्या मे महिन्यात दिवसभर फरशीवर धापा टाकत पडून राहावं लागतं. गावठी कुत्रा या हवेचा आहे, कमी आजारी पडतो, राखणीला पक्का. पंचायतीने स्वतः चार पिल्लं लस टोचून, ऑपरेशनचा खर्च उचलून गावकऱ्यांना द्यायला काढली तर घेणारे निघतील. सरपंचाच्या अंगणात एक गावठी कुत्रं दिसलं तर आणखी निघतील, हे मी मनापासून सांगते.

पैशांचं म्हणाल, तर सगळा भार पंचायतीवर टाकावा असं माझं म्हणणं नाही. मला ज्यांची मेल येतात ते परदेशातले दत्तक पालक चांगली माणसं आहेत. आपल्या कुत्र्याच्या आईचं ऑपरेशन करायचं आहे, असं सांगितलं की बहुतेक जण लगेच पैसे देतात. एका कुत्र्याच्या विमानखर्चात इथल्या कित्येक माद्यांची ऑपरेशनं होतात. म्हणून मी आता अट घालते: पिल्लू हवं असेल तर आधी आईच्या ऑपरेशनचा खर्च. अजून कुणी नाही म्हटलेलं नाही. पण पैसे हातात असूनही मला मादी ठेवायला कोरडी जागा मिळत नाही आणि पकडणाऱ्यांची गाडी वेळेवर येत नाही. एका गावात तर, नाव घेत नाही, पकडलेल्या माद्या ‘आमच्या हद्दीतल्या नाहीत’ म्हणून न उतरवताच परत पाठवल्या. त्या पुन्हा व्यायल्या.

म्हणून मेच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घ्यावा. पाचही पंचायतींचा एकेक पंच, पशुवैद्यकीय खात्याचा डॉक्टर, मान्यताप्राप्त संस्थेचा माणूस, शॅकवाल्यांचा आणि रापणकारांचा (किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या मच्छीमारांचा) एकेक प्रतिनिधी, अशी बैठक १५ मेपूर्वी व्हावी. वाड्यावाड्यांतल्या ऑपरेशन न झालेल्या माद्यांची फोटोसह यादी करायला आम्ही काही बायका तयार आहोत. मांद्रे आणि मोरजीचा बराच भाग झालाही आहे, केरी-पालयेची माहिती देणारं कुणी हवं. ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांना गोदामात सकाळ-संध्याकाळ खाऊ घालायची पाळीही आम्ही वाटून घेऊ. आमच्या घरच्या पडव्या भरलेल्या आहेत, त्यामुळे गोदामाचं तेवढं बघावं.

बैठकीची तारीख कळवावी. यादी घेऊन हजर राहते.

आपली,
मांद्रे गावची एक रहिवासी आणि मतदार